दुसऱ्या फेरीतले आणि फेरीबाहेरचे : एनबीएतील खेळाडूंच्या जडणघडणीविषयीच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

कुमार गटाच्या प्रशिक्षकांसाठी मराठीतून एक अभ्यासपुस्तिका तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या, रात्री ज्यांचे नाव फार उशिरा पुकारले गेले किंवा पुकारलेच गेले नाही, आणि तरीही जे पुढे आपल्या संघाचा कणा ठरले, अशा एनबीएतील (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खेळाडूंची जडणघडण हा पुस्तिकेचा विषय आहे. मुख्य भर दुसऱ्या फेरीतील, म्हणजे ३१ ते ६० या क्रमांकांच्या आणि निवड न झालेल्या खेळाडूंवर राहील. पहिल्या फेरीच्या मध्यावर किंवा शेवटी निवडलेले एकदोन खेळाडू, जिथे संघाने नेमके काय काम केले हे स्पष्ट दिसते, तेवढ्यापुरते घेईन.

या विषयावर जे लिहिले जाते त्यातले बहुतेक ‘कोणी शोधले’ या प्रश्नाभोवती फिरते. एखादा स्काउट दूरच्या गावी जातो, कोणाला न दिसलेले त्याला दिसते, अशी ती मांडणी असते. मला मात्र निवडीनंतरच्या दोन-तीन वर्षांचा हिशेब मांडायचा आहे, कारण प्रशिक्षकाच्या हातात असते ते तिथेच.

१५ जुलै २०२५

नियमांचे टिपण पूर्ण केले. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ नावे. नियमभंगाबद्दल काही संघांचे निवडीचे हक्क काढून घेतले गेल्यामुळे अलीकडे ही संख्या एकदोनाने कमी राहिली आहे. पहिल्या फेरीतील खेळाडूचे वेतन ठरलेल्या कोष्टकानुसार असते आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला अशी कोणतीही हमी नसते. त्याचा करार वाटाघाटींवर ठरतो आणि प्रशिक्षण शिबिर संपताच त्याला घरी पाठवले जाऊ शकते.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २००५च्या करारापासून खेळाडूने ड्राफ्टच्या वर्षी वयाची १९ वर्षे पूर्ण करणे आवश्यक आहे, आणि अमेरिकेतील खेळाडूला शालेय शिक्षणानंतर एक वर्ष थांबावे लागते. यातून एक परिणाम आपोआप घडला. सर्वांत नावाजलेली मुले एकोणिसाव्या वर्षी येऊ लागली आणि महाविद्यालयात चार वर्षे खेळून बाविसाव्या वर्षी आलेला खेळाडू ‘वाढ संपलेला’ समजला जाऊ लागला. २०१८ मध्ये जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून आला होता. तरीही तो ३३व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. उंची कमी, वय एकवीस, उडी साधारण. त्याच्या खेळातली परिपक्वता सर्वांना दिसत होती, आणि नेमकी तीच त्याच्या विरोधात धरली गेली.

२० जुलै २०२५

निकोला योकिचवरील प्रकरणाची सामग्री आज लावून घेतली. पुस्तिकेतले हे सर्वांत मोठे प्रकरण होईल.

सर्बियातील सोंबोर या गावचा हा मुलगा बेलग्रेडच्या मेगा या क्लबकडून खेळत होता. हा क्लब तरुण खेळाडूंना भरपूर वेळ मैदानावर ठेवतो आणि नंतर त्यांना मोठ्या संघांकडे जाऊ देतो. तेथील प्रशिक्षक देयान मिलोयेविच स्वतः उत्तम दर्जाचे खेळाडू होते. डेन्व्हर नगेट्सने २०१४च्या ड्राफ्टमध्ये ४१व्या क्रमांकावर योकिचला निवडले, तेव्हा अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर टाको बेल या खाद्यपदार्थांच्या कंपनीची जाहिरात चालू होती. ही गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याच रात्री डेन्व्हरने शिकागोशी झालेल्या अदलाबदलीतून १६व्या क्रमांकाचा युसुफ नुर्किच आपल्याकडे घेतला होता. नुर्किचही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणि तोही त्याच एड्रियाटिक लीगमध्ये (बाल्कन भागातील क्लबांची स्पर्धा) खेळणारा. म्हणजे योकिचला सर्वांत जास्त ओळखणाऱ्या संघानेही त्याच जागेसाठी आधी दुसरा खेळाडू पसंत केला.

त्यानंतर डेन्व्हरने घाई केली नाही. २०१४-१५चा मोसम योकिच सर्बियातच खेळला आणि त्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०१५ मध्ये तो अमेरिकेत आला. पहिल्या वर्षी त्याची गणना सर्वोत्तम नवोदित पाचांत झाली, पण जागेचा प्रश्न सुटला नव्हता. प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी दोन्ही सेंटरना एकत्र खेळवून पाहिले, ते जमले नाही, आणि काही काळ योकिच राखीव खेळाडू म्हणून उतरत राहिला. १५ डिसेंबर २०१६ रोजी त्याला सेंटर म्हणून सुरुवातीच्या पाचांत आणले गेले आणि संघाचे आक्रमण त्याच्या पासवर उभे करण्यात आले. पुढच्याच फेब्रुवारीत नुर्किचला पोर्टलंडकडे पाठवले, सोबत पहिल्या फेरीतील निवडीचा एक हक्कही द्यावा लागला. निवडीपासून या निर्णयापर्यंत अडीच वर्षे गेली. त्यानंतर २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन मोसमांचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, आणि २०२३चे विजेतेपद.

मैदानावरचा बदल समजून घेण्यासारखा आहे. योकिच जलद नाही आणि फारशी उंच उडीही मारत नाही, म्हणून सेंटरकडून ज्या गोष्टींची अपेक्षा केली जाते त्या यादीत तो कमी भरत होता. डेन्व्हरने यादीच बदलली. चेंडू त्याच्याकडे फ्री थ्रो रेषेजवळ द्यायचा, इतर चौघांनी बास्केटकडे धावायचे, आणि बचाव करणारा ज्या क्षणी मान वळवतो त्या क्षणी पास सोडायचा, ही रचना त्यांनी उभी केली. सोबत शरीरावर काम झाले. ताकदीचे प्रशिक्षक फेलिपे आइखेनबर्गर यांच्या देखरेखीखाली त्याने वर्षानुवर्षे व्यायाम केला. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हे प्रकरणात ठळकपणे यायला हवे. केवळ व्यायामाने त्याला नुर्किचसारखा सेंटर केले असते, तर त्याचा पास वाया गेला असता.

२६ जुलै २०२५

योकिचच्या उदाहरणावरून तक्त्यात एक नवा रकाना घातला: ‘ज्या संघाने निवडले, त्याच संघाने त्याआधी कोणाला घेतले?’

मानू जिनोबिली : १९९९, सान अँटोनियो स्पर्स, ५८ नावांतले ५७वे. स्पर्सने त्या रात्री आधी २९व्या क्रमांकावर दुसरेच नाव पुकारले होते आणि तो खेळाडू लगेच डॅलसला देऊन टाकला. ड्रेमंड ग्रीन : २०१२, गोल्डन स्टेट वॉरियर्स, ३५वा. आधी ७व्या क्रमांकावर हॅरिसन बार्न्स, ३०व्यावर फेस्टस एझेली. आयझेया थॉमस : २०११, सॅक्रामेंटो किंग्ज, शेवटचा म्हणजे ६०वा. त्याच दुसऱ्या फेरीत ३५व्या क्रमांकाला किंग्जने टायलर हनीकटला घेतले होते. पाच फूट नऊ इंचांचा थॉमस पुढे बॉस्टनकडून एका मोसमात सामन्यामागे जवळजवळ २९ गुण करत होता.

हा रकाना भरताना माझे मत पक्के होत गेले. या खेळाडूंना ज्यांनी ‘ओळखले’ असे आपण म्हणतो, त्यांचाही अंदाज तेवढाच होता. त्यांनी फक्त इतरांपेक्षा थोडे आधी नाव घेतले. श्रेय द्यायचे तर ते नंतरच्या कामाला द्यावे लागते. जिनोबिलीला स्पर्सने तीन वर्षे इटलीत राहू दिले. तिथे तो बोलोन्याकडून २००१ मध्ये युरोलीग जिंकला, अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि पंचविसाव्या वर्षी अमेरिकेत आला तेव्हा त्याला खेळ शिकवण्याची गरज उरली नव्हती. पुढच्या काळात चार विजेतेपदे आणि २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश. क्रमांक ५७ची किंमत संघाच्या दृष्टीने जवळजवळ शून्य असते, त्यामुळे वाट पाहण्यात स्पर्सचे काही अडकले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

ग्रीनची कथा वेगळी आहे. तो मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षे खेळून आला होता. पॉवर फॉरवर्ड या बास्केटजवळच्या ताकदीच्या जागेसाठी बुटका आणि स्मॉल फॉरवर्ड या चपळाईच्या जागेसाठी संथ, असा त्याच्यावर शिक्का होता. दोन मोसम तो मुख्यतः राखीव राहिला. २०१४-१५च्या सुरुवातीला डेव्हिड ली जखमी झाला, नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी ग्रीनला त्याच्या जागी उतरवले आणि ली परतल्यावरही ती जागा ग्रीनचीच राहिली. कोणत्याच जागेत न बसणारा हा खेळाडू पाचही जागांच्या खेळाडूंसमोर उभा राहू शकत होता, आणि २०१५च्या विजेतेपदात हीच गोष्ट निर्णायक ठरली. २०१७ मध्ये तो सर्वोत्कृष्ट बचावपटू झाला. लीची दुखापत झाली नसती तर काय झाले असते, याचे उत्तर कोणाकडेच नाही. पण संधी आली तेव्हा तो संघाची बचावरचना पूर्ण शिकलेला होता, एवढे निश्चित.

३ ऑगस्ट २०२५

आज एनबीएच्या धाकट्या लीगविषयीचे छोटे टिपण. ती २००१ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातील आठ संघांनिशी सुरू झाली आणि २०१७पासून जी लीग या नावाने चालते. आरंभी एकेक संघ अनेक एनबीए संघांमध्ये सामायिक असे, त्यामुळे पाठवलेल्या खेळाडूला कोणी काय शिकवायचे याचा कोणालाच धरबंध नव्हता. २००६ मध्ये लेकर्सनी स्वतःचा संघ उभा केला, २००७ मध्ये स्पर्सनी ऑस्टिनचा संघ विकत घेतला, आणि हळूहळू सर्वांना त्यातला फायदा कळला. आता प्रत्येक एनबीए संघाचा आपला एक संघ तिथे आहे.

२०१७च्या टू-वे करारामुळे आणखी एक दार उघडले. प्रत्येक संघाला असे आधी दोन आणि २०२३पासून तीन खेळाडू ठेवता येतात. त्यांना एनबीएच्या ५० सामन्यांपर्यंत संघात घेता येते आणि उरलेला काळ ते जी लीगमध्ये घालवतात. त्याच २०२३च्या करारात दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूंशी तीन-चार वर्षांचे करार करण्यासाठी वेतनमर्यादेबाहेरची स्वतंत्र तरतूदही आली. मोठ्या खर्चाच्या संघांवर त्याच करारात कडक बंधने आल्यामुळे स्वस्त आणि उपयोगी खेळाडू घडवणे ही प्रत्येकाची गरज होऊन बसली आहे.

१० ऑगस्ट २०२५

टोरांटो रॅप्टर्सवरचे प्रकरण. रॅप्टर्सचा जी लीग संघ रॅप्टर्स ९०५ मिसिसॉगा येथे आहे, म्हणजे शहराला लागूनच. इतर कित्येक संघांना आपला धाकटा संघ शेकडो किलोमीटर दूर ठेवावा लागला, तिथे रॅप्टर्सचे प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना केव्हाही जाऊन पाहू शकत होते, आणि खेळाडूलाही एका संघातून दुसऱ्यात जाणे सोपे होते. अंतर या गोष्टीचे महत्त्व मला आधी इतके जाणवले नव्हते. आता त्यासाठी स्वतंत्र परिच्छेद ठेवला आहे.

२०१६-१७ मध्ये या संघात दोन नवोदित होते. पास्कल सियाकम कॅमेरूनचा. बास्केटबॉलकडे उशिरा वळलेला, २७व्या क्रमांकाचा. मोसमाच्या सुरुवातीला तो एनबीएत पहिल्या पाचांत खेळला, पुढे त्याची जागा गेली आणि त्याला ९०५कडे पाठवले गेले. फ्रेड व्हॅनव्लीट विचिटा स्टेटमध्ये चार वर्षे खेळलेला, सहा फुटांच्या आसपास उंचीचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा. त्याचे नाव कोणीच पुकारले नाही. त्या रात्री दुसऱ्या फेरीसाठी आलेले कमी पैशांचे प्रस्ताव त्याने नाकारले होते आणि नंतर प्रशिक्षण शिबिरातून संघातली शेवटची जागा मिळवली होती. ९०५ने २०१७चे विजेतेपद जिंकले आणि सियाकम अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. एनबीएच्या बाकावर बसून त्या वर्षी त्याला हे शिकता आले नसते: सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत चेंडू हातात घेणे, चुकणे, पुन्हा घेणे.

२०१७-१८ मध्ये दोघे रॅप्टर्सच्या राखीव फळीत एकत्र खेळले आणि संघाने ५९ सामने जिंकले. २०१९च्या अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात सियाकमने ३२ गुण केले; विजेतेपद निश्चित करणाऱ्या सहाव्या सामन्यात व्हॅनव्लीटने २२, त्यातले १२ सामन्याच्या अखेरच्या चौथ्या भागात. २०२१ मध्ये ऑर्लँडोविरुद्ध त्याने ५४ गुण केले. निवड न झालेल्या खेळाडूने एका सामन्यात केलेला तो तेव्हाचा उच्चांक होता.

याच प्रकरणात ब्रुनो काबोक्लोला स्थान देणार आहे. २०१४ मध्ये रॅप्टर्सनी ब्राझीलच्या या अठरा वर्षांच्या मुलाला अनपेक्षितपणे २०व्या क्रमांकावर घेतले. त्याचे हात विलक्षण लांब होते आणि अनुभव अत्यल्प. तोच क्लब, तेच प्रशिक्षक, तोच ९०५. तरीही टोरांटोत तो स्थिरावला नाही आणि २०१८ मध्ये त्याला सॅक्रामेंटोकडे देण्यात आले. व्हॅनव्लीटने महाविद्यालयात खेळून मिळवलेली खेळ ओळखण्याची शक्ती सोबत आणली होती, काबोक्लोला ती शून्यापासून कमवायची होती. व्यवस्था कितीही चांगली असली तरी ती या दोघांना सारखा वेळ देऊन सारखे करू शकत नाही.

१७ ऑगस्ट २०२५

नेमबाजीसंबंधीचे टिपण. कवाय लेनर्ड २०११ मध्ये १५व्या क्रमांकाला निवडला गेला. स्पर्सनी त्याच्यासाठी जॉर्ज हिलसारखा पक्का खेळाडू इंडियानाला दिला. महाविद्यालयात त्याचे तीन गुणांचे प्रयत्न साधारण चारात एक या प्रमाणात बास्केटमध्ये जात. स्पर्सचे नेमबाजी प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी लॉकआउट (मालक आणि खेळाडू यांच्या वादामुळे लीगचे काम बंद) सुरू होण्याआधीच्या मोजक्या दिवसांत त्याच्याबरोबर काम केले. डोक्यामागून सुटणारा चेंडू थोडा पुढून सोडायचा, एवढाच मुख्य बदल. बाकीची शैली त्यांनी तशीच राहू दिली. पहिल्याच मोसमात त्याचे प्रमाण तीनात एकाहून पुढे गेले. सगळे मोडून नव्याने शिकवण्याचा मोह आपल्याकडच्या शिबिरांत मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून हा तपशील पूर्ण देणार आहे.

डॅनी ग्रीनचे उदाहरण त्याला जोडून येईल. २००९ मध्ये ४६वा, क्लीव्हलंडने सोडला, स्पर्सनीही एकदा सोडून पुन्हा घेतला, मधल्या काळात धाकट्या लीगचे सामने. २०१३च्या अंतिम फेरीत त्याने तीन गुणांची २७ बास्केट केली. तोवर कोणीही एका अंतिम फेरीत इतकी केली नव्हती.

२४ ऑगस्ट २०२५

मायामी हीटचे प्रकरण थोडक्यात राहील, कारण त्यांची पद्धत बहुतांशी शरीराच्या शिस्तीवर उभी आहे आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. युडोनिस हॅस्लेम २००२ मध्ये निवडला गेला नाही, फ्रान्समध्ये शालों संघाकडून एक वर्ष खेळला, तिथे बरेच वजन उतरवले आणि २००३ मध्ये आपल्या जन्मगावच्या संघात आला. वीस मोसम तो तिथेच राहिला आणि तीन विजेतेपदांत सहभागी झाला. डंकन रॉबिन्सन तर महाविद्यालयीन खेळाच्या तिसऱ्या श्रेणीतील विल्यम्स कॉलेजमधून मिशिगनला आलेला. २०१८ मध्ये निवड नाही, टू-वे करार, सू फॉल्सला धाकट्या लीगचा मोसम. आणि दुसऱ्याच वर्षी एनबीएत तीन गुणांची २७० बास्केट. त्याला एकच काम सांगितले गेले होते: बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांच्या आडून सतत धावायचे आणि चेंडू हाती येताच नेम साधायचा.

३१ ऑगस्ट २०२५

भारताशी असलेला धागा या पुस्तिकेत कुठे ठेवावा याचा विचार करत होतो. सतनाम सिंग भामरा हा पंजाबातील बल्लो के या गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा. लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये चौदाव्या वर्षी तो फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्यानंतर दोन मोसम तो टेक्सस लेजंड्स या डॅलसच्या धाकट्या संघाकडे होता, पण मैदानावर फार थोडा वेळ मिळाला आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

माझ्या मते त्याच्या बाबतीत काळ प्रतिकूल होता. बास्केटजवळ उभे राहून खेळणाऱ्या महाकाय सेंटरची मागणी नेमकी त्याच वर्षांत घटत होती. सेंटरनेही रेषेबाहेर येऊन पहारा द्यावा आणि शक्य तर नेम साधावा, अशी अपेक्षा रूढ होत होती. त्याला हवी होती ती मिनिटे, आणि ती धाकट्या लीगमध्येही मिळाली नाहीत. योकिचला सर्बियात मिळालेले वर्ष आणि सतनामला टेक्ससमध्ये मिळालेली दोन वर्षे शेजारी ठेवून दाखवणार आहे. दोघांच्या गुणवत्तेची बरोबरी करण्याचा हेतू नाही; पण एकोणीस-वीस वर्षांच्या सेंटरला रोज खेळायला मिळणे आणि न मिळणे यांतले अंतर प्रशिक्षकांना यातून दिसेल.

दुसरा धागा सॅक्रामेंटोचा. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३पासून किंग्जचे प्रमुख मालक आहेत. २०१४ मध्ये निवड न झालेला, कॅनडात जन्मलेला सात फूट पाच इंच उंचीचा सिम भुल्लर त्यांच्या रिनो येथील धाकट्या संघाकडून खेळला आणि एप्रिल २०१५ मध्ये तीन सामन्यांपुरता एनबीएत उतरला. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले, ते आपल्याकडच्या अनेक मुलांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

७ सप्टेंबर २०२५

या वर्षीच्या अंतिम फेरीतील दोन्ही संघांच्या यादीवर आज काम केले, आणि हे शेवटचे प्रकरण व्हावे असे ठरवले आहे. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सवर सात सामन्यांत विजय मिळवला. विजेत्यांकडील लुगेन्ट्झ डॉर्ट २०१९ मध्ये निवडला गेला नव्हता. टू-वे करारावर आला आणि या मोसमात सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचांत गणला गेला. आरन विगिन्स ५५वा. आयझेया जो ४९वा, आणि तोही फिलाडेल्फियाने सोडल्यावर आलेला. आयझेया हार्टनस्टाइन ४३वा. त्याने २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या धाकट्या संघाकडून जी लीगचे विजेतेपद मिळवले होते. पेसर्सकडे अँड्र्यू नेम्बार्ड ३१वा आणि टी. जे. मॅककॉनेल निवड न झालेला. त्यांच्याच संघात सियाकमही.

ॲलेक्स कारुसोचा प्रवास मी थोडा सविस्तर लिहिणार आहे. २०१६ मध्ये निवड न झाल्यावर तो ओक्लाहोमा सिटी ब्लू या थंडरच्या धाकट्या संघात खेळला. तेव्हा तिथले प्रशिक्षक होते मार्क डेग्नॉल्ट. पुढच्या वर्षी लेकर्सनी त्याला टू-वे करारावर घेतले, २०२० मध्ये तो त्यांच्याबरोबर विजेता झाला, मग शिकागो, आणि २०२४ मध्ये थंडरने अदलाबदलीत त्याला परत मिळवले. डेग्नॉल्ट तोवर थंडरचेच मुख्य प्रशिक्षक झाले होते. धाकट्या संघात पाच वर्षे ज्यांनी राखीव आणि नाकारलेल्या खेळाडूंना शिकवले, त्यांना मुख्य संघात प्रत्येकाला नेमके किती आणि कोणते काम द्यावे हे ठाऊक असणे स्वाभाविक आहे. २०१९च्या विजेत्या रॅप्टर्सचे मुख्य प्रशिक्षक निक नर्स यांचीही वाटचाल अशीच. धाकट्या लीगमध्ये दोन संघांना विजेतेपद मिळवून देऊन ते रॅप्टर्सकडे आले होते. खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही तिथेच घडले, ही बाब पुस्तिकेच्या आराखड्यात आधी नव्हती.

१४ सप्टेंबर २०२५

तक्त्यात यशस्वी नावेच भरली जात आहेत, हा दोष आज दुरुस्त करायला घेतला. प्रत्येक खेळाडूपुढे त्याच ड्राफ्टमधील त्याच्या लगतच्या क्रमांकाचा खेळाडूही लिहायचा असे ठरवले. योकिचनंतर लगेच, ४२व्या क्रमांकावर, ह्यूस्टनने ॲरिझोनाच्या निक जॉन्सनला घेतले होते. एका मोसमानंतर त्याचा एनबीएतला खेळ संपला. अशा जोड्या लावल्यावर तक्ता दुप्पट लांब होतो आणि वाचायला जड जातो, तरी तो तसाच छापावा असे माझे मत आहे. दुसऱ्या फेरीतील बहुसंख्य खेळाडूंना एनबीएत टिकता येत नाही, आणि हे वाचकाला आकड्यांच्या रकान्यात पानोपानी दिसले पाहिजे.

उरलेली कामे: जिनोबिलीच्या इटलीतील वर्षांचे टिपण वाढवणे, ड्रेमंड ग्रीनच्या बचावातील हालचालींच्या आकृत्या काढून घेणे, आणि ब्रन्सनला डॅलसने २०२२ मध्ये का जाऊ दिले याचा परिच्छेद लिहिणे. घडवलेला खेळाडू टिकवून ठेवणे हा वेगळा विषय आहे, पण ब्रन्सन न्यूयॉर्कला जाऊन ज्या उंचीवर पोहोचला ते पाहता तो पूर्णपणे वगळता येणार नाही.